मढीची यात्रा, हेब्रॉनची गुहा

पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. भटक्यांची पंढरी म्हणून तिची ख्याती. जातपंचायती एकेकाळी इथंच बसायच्या, गाढवांचा बाजार अजूनही भरतो. मुसलमान भाविक याच नाथांना शाह रमजान म्हणून नवस बोलतात. नाथांना तेल लावण्याचा विधी झाला की गाव पथ्य धरतं: तळण नाही, लग्नकार्य नाही, शेतीची कामं नाहीत, पलंगावर झोपणं नाही. 2025 च्या फेब्रुवारीत याच पथ्याचं कारण पुढं करून ग्रामसभेत ठराव झाला, की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. प्रशासनानं तो ग्राह्य धरला नाही. ठराव बारगळला तरी त्यामागचा प्रश्न उरला, आणि जिल्ह्यातल्या घराघरांत त्यावर वादावादी झाली.

त्यातल्याच एका घरातला हा संवाद. मामा राहुरी तालुक्यातले डाळिंब बागायतदार. 2018 मध्ये तेल अवीवचं ॲग्रिटेक प्रदर्शन पाहून आले, आणि तेव्हापासून इस्रायलचं नाव निघालं की खुर्ची पुढं ओढून बसतात. भाची नगरला वकिली करते. देवस्थानं आणि ट्रस्ट यांचे दावे तिच्याकडं येतात. बोलणं मढीवरून निघालं ते थेट जेरुसलेमला पोचलं, कारण तिथला आणि इथला प्रश्न एकाच जातीचा आहे, असं दोघांनाही वाटतं. उत्तर मात्र दोघांचं वेगळं.

मामा: हे बघ, मी काही त्या ठरावाचा पुढारी नाही. पण गावानं आपल्या यात्रेचे नियम करायचे नाहीत, तर कोणी करायचे? जेरुसलेमला शुक्रवारी दिवस मावळला की बस बंद. तिथं कोणी कुरकुर करत नाही. ज्याचं घर, त्याचे नियम.

भाची: कुरकुर काय, मामा, भांडणं होतात. तेल अवीवनं 2019 पासून शनिवारी महापालिकेच्या खर्चानं बस सुरू केल्या, त्या ह्याच भांडणातून. तुम्ही किबुत्झमध्ये ठिबक बघून आलात ना? त्या सामूहिक शेतीच्या वस्त्या, किबुत्झ, उभ्या करणारे बहुतेक समाजवादी. देवाधर्माशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. मग शनिवारची बस बंद कशी झाली? जून 1947 मध्ये ज्यूंचा पुढारी बेन-गुरियननं अगुदात इस्रायल या धार्मिक पक्षाला पत्र दिलं. शनिवार सुट्टीचा राहील, सरकारी मुदपाकखान्यात धर्माला चालणारं, कोशेर, शिजेल, लग्न-घटस्फोट धर्माच्या हाती राहतील, त्यांच्या शाळांना हात लावणार नाही. राज्य पदरात पडायचं होतं, त्याआधी घरात फूट नको होती. चार दिवसांची तडजोड म्हणून केलं ते 75 वर्षांहून जास्त टिकलं. आज इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीचं लग्नच नाही. ज्यूंचं लग्न रब्बी लावणार, मुसलमानांचं काझी, ख्रिश्चनांचं चर्च. दोन धर्मांची माणसं विमानानं सायप्रसला जातात, लग्न लावून येतात आणि मग सरकार त्याची नोंद घेतं. आपल्याकडं 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. महिनाभर नोटीस लावली की नगरच्या कार्यालयात काम होतं.

मामा: होतं म्हणे! नोटीस लागली की मुलीकडचे, मुलाकडचे आणि ज्यांचा काही संबंध नाही असे दहा जण दारात. सायप्रसचं तिकीट त्यापेक्षा स्वस्त पडत असेल.

भाची: ते मान्य. पण कायद्याचं दार उघडं आहे, त्यात माणसं आडवी पडतात. तिथं दारच नाही.

मामा: दार नसेल, पण पाणी आहे. मी डोळ्यांनी बघून आलोय. बीरशेबाजवळ हात्झेरिम किबुत्झ, 1965 मध्ये तिथं नेटाफिम सुरू झाली. आसपास वाळवंट. गॅलिलीच्या सरोवराचं पाणी 1964 पासून नळातून दक्षिणेला नेलंय. सांडपाण्याचं 85 टक्क्यांच्या वर शुद्ध करून शेतीला देतात. आपल्या राहुरीच्या विद्यापीठात डाळिंबाचं केंद्र झालं ते त्यांच्याच मदतीनं. मला सांग, ज्या लोकांनी रेताडातून पीक काढलं त्यांच्याकडून शिकायचं, की त्यांचे दोष काढत बसायचं?

भाची: शिकायचं की. पण पाण्याचंच बोलायचं तर पूर्ण बोलू. 2023 च्या ऑक्टोबरअखेर जायकवाडीला 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा तुम्ही कुठं होता?

मामा: कुठं म्हणजे? रस्त्यावर. मुळेचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली जाणार आणि आम्ही गप्प बसायचं?

भाची: बरोबर. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर वरच्यांनी सोडायचं, असा नियम. तुम्ही त्याविरुद्ध मोर्चा काढता, जलसंपत्ती प्राधिकरणाकडं जाता, हायकोर्टात जाता, निवडणुकीत आमदाराला जाब विचारता. पैठणचा शेतकरीही तेच करतो. दोघांचा आमदार एकाच विधानसभेत बसतो. आता वेस्ट बँक घ्या. 1967 मध्ये इस्रायलचा लष्करी हुकूम निघाला, परवानगीशिवाय विहीर खणायची नाही. 1995 च्या ओस्लो करारात संयुक्त पाणी समिती झाली, पण नकाराधिकार इस्रायलच्या हातात राहिला. डोंगराखालच्या पाण्याचा सुमारे 80 टक्के वाटा त्यांच्याकडं. ज्याची बोअर बंद होते तो पॅलेस्टिनी शेतकरी ना त्या संसदेला मत देतो, ना त्या सरकारला पाडू शकतो. तुम्हाला 65 टक्क्यांचा नियम अन्याय वाटतो आणि तो करणाऱ्याला तुम्ही मत देता. त्याला मतच नसेल तर काय वाटेल?

मामा: वाटेल ते वाटेल. पण त्यानं मग काय केलं ते पण सांग. 7 ऑक्टोबर 2023. हमासनं साधारण 1,200 माणसं मारली, 251 ओलीस नेली. त्यात शेतात राबणारे थायलंडचे मजूर होते, किबुत्झमधले म्हातारे होते. गाझातली आजारी माणसं स्वतःच्या गाडीतून इस्रायली दवाखान्यात नेणारे होते. पाण्याचा राग असा काढतात होय?

भाची: नाही काढत. त्याला दुसरं नाव नाही, ती कत्तल होती. आणि नंतर गाझात जे झालं त्यालाही पाण्याचं किंवा ओलिसांचं कारण पुरत नाही. तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीनं 60 हजारांच्या वर माणसं गेली, त्यात हजारो लेकरं. मी एका मृत्यूचं दुसऱ्याशी वजन करायला बसलेली नाही. मला त्याआधीचं विचारायचंय. माणूस आपल्या जागेला इतका का चिकटतो?

मामा: ते मला नको शिकवू. मुळा धरणाला जमीन गेली, विद्यापीठाला गेली, लष्कराच्या के. के. रेंजला गेली. राहुरीच्या माणसानं तीन वेळा दिलीय. 2020 मध्ये नगर, पारनेर आणि राहुरीतली 23 गावं कायमची जाणार अशी हूल उठली तेव्हा माझ्या सासुरवाडीत चुली पेटल्या नव्हत्या. सासरे म्हणाले होते, मोबदला कितीही द्या, म्हसोबाचा दगड कुठं हलवू?

भाची: मग 1948 मध्ये सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी घरं सोडून गेले किंवा त्यांना घालवून दिलं, हे तुम्हाला कळायला काय जड आहे? कुणाकुणाच्या घरी अजून त्या दारांच्या किल्ल्या आहेत. त्यांना मोबदला नाही, परत यायची मुभा नाही.

मामा: कळतं. पण तू निम्मंच मोजतेस. त्याच सुमारास बगदाद, साना, कैरो, त्रिपोली इथून ज्यू निघाले. इराकमधून 1950-51 मध्ये सव्वा लाखाच्या आसपास माणसं विमानानं नेली, मागं घरं-दुकानं जप्त झाली. त्यांच्या किल्ल्या कोण दाखवतं? आणि युरोपात त्याआधी 60 लाख मारले. त्या लोकांनी सगळं करून पाहिलं होतं. कायदे पाळले, त्या-त्या देशाची भाषा बोलले, त्यांच्यासाठी लढले. जर्मनीत पहिल्या महायुद्धाची पदकं मिळवलेला ज्यूसुद्धा वाचला नाही. मग त्यांनी ठरवलं की एक तरी ठिकाण असं पाहिजे जिथं आपण जास्त आहोत आणि दार आपल्या हातात आहे. त्यात चूक काय?

भाची: चूक नाही. नगरच्याच छावणीचं उदाहरण देते. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना पकडून नगरच्या तळावर ठेवलं. त्यात नाझी होते, आणि नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते. दोघांच्या पासपोर्टवर एकच देश. साहेबानं रजिस्टर बघितलं, माणूस बघितला नाही. चौकशी होऊन ज्यूंना सोडायला वेळ गेला.

मामा: म्हणजे माझंच म्हणणं झालं. दुसऱ्याच्या रजिस्टरवर भरवसा ठेवला की ही गत. आपलं रजिस्टर आपल्या हातात पाहिजे.

भाची: आणि आपल्या हातात आल्यावर काय होतं ते कोकणातून तिकडं गेलेल्या मराठी ज्यूंना, बेने इस्रायलना, विचारा. तुम्ही दिमोनाला भेटून आलात ना?

मामा: भेटलो ना! नेगेवच्या त्या उन्हात एक म्हातारी रायगडची मराठी बोलत होती, हेल सुद्धा अलिबागचा. घरात बोलावलं. ताटात भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं, फळं, खजूर. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा. म्हणाली, आमच्याकडं अजून ‘मायबोली’ येतं, मराठी मासिक. मी विचारलं, आजी, तिकडं तुम्हाला कोणी त्रास दिला होता का? म्हणाली, नाही रे बाबा, तेलाचा घाणा चालवायचो, शनिवारी बंद ठेवायचो म्हणून शनवार तेली म्हणायचे, तेवढंच. मग मला सांग वकीलबाई, शेकडो वर्षांत ज्यांना इथं कोणी बोट लावलं नाही, ते का गेले? मुंबईला, पुण्याला आता काही हजारच उरलेत. कारण पोट भरणं वेगळं आणि आपलं असणं वेगळं. मी तर म्हणतो, हाच तुझ्या सगळ्या वादाला जबाब आहे.

भाची: प्रश्न चांगला आहे, आणि त्याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. काही धर्मापोटी गेले, काही नातेवाइकांमागं, काही इंग्रज गेल्यावर रेल्वे-पोस्टातल्या नोकऱ्यांचं काय होईल या काळजीनं. पण तिथं पोचल्यावर काय झालं? 1951 मध्येच काहींनी तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं, आम्हाला परत पाठवा म्हणून. रंगावरून वागणूक, काम, घर, सगळ्याच तक्रारी. सुमारे दीडशे माणसं 1952 मध्ये परत मुंबईला आली.

मामा: आणि त्यातले बरेचसे पुन्हा इस्रायललाच गेले. ते पण सांग.

भाची: सांगते ना, गेलेच. तोवर त्याहून मोठी गोष्ट घडत होती. लग्नाची नोंद रब्बींकडं, हे मघाशी बोललो. रब्बींच्या त्या मंडळानं, रब्बीनेटनं, 1960 नंतर प्रश्न काढला, की हे कोकणातले लोक खरे ज्यू आहेत कशावरून? 1962 मध्ये आदेश निघाला. बेने इस्रायलचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं तर आई, आजी, पणजी, जमेल तितक्या पिढ्या तपासा. अलिबागच्या माणसानं पणजीचा दाखला कुठून आणायचा? ज्याच्यासाठी घरदार सोडून गेला, त्याच राज्याच्या दारात तो बाहेरचा ठरला. 1964 मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं, संसदेची खास बैठक बसली, ते पूर्ण ज्यू आहेत असा ठराव झाला, तेव्हा कुठं त्या आदेशातून त्यांचं नाव निघालं. माझं म्हणणं एवढंच आहे, मामा. धर्माची नोंदवही राज्याच्या हातात दिली की ती आधी शेजाऱ्याला विचारते, तू कोण? आणि मग तुमच्याकडं वळते.

मामा: पण निकाल कोणी लावला? तिथल्याच संसदेनं. तिथल्याच लोकांनी रस्त्यावर येऊन. हे का विसरतेस? 2023 मध्ये न्यायालयाचे अधिकार कमी करायला निघाले तेव्हा दर शनिवारी लाखो माणसं रस्त्यावर उतरली. युद्ध चालू असताना ओलिसांच्या घरचे लोक आपल्याच पंतप्रधानाविरुद्ध घोषणा देत होते. कट्टर धार्मिक मुलांना लष्करातून सूट नाही, असं त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये सांगितलं. मला तसं पॅलेस्टिनींकडं दाखव. 2006 मध्ये संसदेची निवडणूक झाली, 132 पैकी 74 जागा हमासनं घेतल्या. पुढच्या वर्षी गाझात प्रतिस्पर्धी फतह पक्षाच्या माणसांना मारून सत्ता ताब्यात घेतली. त्यानंतर मतदान नाही. इकडं रामल्लात पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास 2005 ला चार वर्षांसाठी निवडून आले ते अजून बसलेत. ज्यूला जमीन विकली तर देहदंडाची तरतूद. लग्न तिथंही काझीकडं आणि चर्चकडंच. मग धर्माची नोंदवही काय एकट्या इस्रायलचीच आहे का?

भाची: नाही. तुमचा हा मुद्दा माझ्या बाजूचे लोक खाली मान घालून टाळतात, मी टाळणार नाही. पॅलेस्टिनी चळवळ सुरुवातीला अशी नव्हती. पॉप्युलर फ्रंट या पॅलेस्टिनी संघटनेचा संस्थापक जॉर्ज हबाश ख्रिश्चन होता. बेथलेहेमचा महापौर आजही रिवाजानं ख्रिश्चन असतो. 1988 मध्ये हमासची सनद आली आणि जमीन हा सौद्याचा विषयच नाही, ती अल्लाच्या नावानं कायमची वक्फ, असं त्यात लिहिलं गेलं. ज्या जागेवर बोलणी होऊ शकत होती, तिच्यावर बोलणंच पाप ठरलं. तिकडं 1967 नंतर वस्त्या उभारणाऱ्या धार्मिक ज्यूंनीही तेच केलं, देवानं दिलेली जमीन, सोडणं पाप. दोन्हीकडं राजकारण्यांच्या हातातला प्रश्न पुजाऱ्यांच्या हातात गेला. पण गाझाचा माणूस मुका आहे असं समजू नका. 2025 च्या मार्चमध्ये बेत लाहियाच्या ढिगाऱ्यांतून लोक हमासविरुद्ध घोषणा देत निघाले होते. वर बाँब, समोर बंदुका. तुमच्या तेल अवीवच्या मोर्चाला निदान घरी परतायची खात्री होती.

मामा: हं. ते धाडस मोठंच.

इथं विषय वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनला गेला. अरबीत अल-खलील. अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना जिथं पुरलं असं ज्यू, ख्रिश्चन आणि मुसलमान तिघंही मानतात, ती मकपेलाची गुहा या गावात आहे. वरची दगडी वास्तू हेरोद राजाच्या काळातली. ज्यूंना ती पूर्वजांची समाधी, मुसलमानांना इब्राहिमी मशीद.

मामा: मला तिथली व्यवस्था पटली होती. वास्तूचे दोन भाग केलेत. इसहाकाचं दालन मुसलमानांकडं, अब्राहाम आणि याकोबाकडचा भाग ज्यूंकडं. आणि वर्षातले दहा दिवस सगळी वास्तू ह्यांची, दहा दिवस सगळी त्यांची. त्या दिवशी दुसऱ्यानं यायचं नाही. आपल्या तालुक्यातल्या गुहा गावात मंदिर की दर्गा म्हणून डोकी फुटायची वेळ आली. असं वाटून टाकलं तर काय बिघडलं?

भाची: ही वाटणी कशी झाली ते सांगितलं का गाइडनं? 25 फेब्रुवारी 1994, रमजानचा महिना, पहाटेची नमाज. बारूख गोल्डस्टाइन नावाचा वस्तीतला डॉक्टर लष्करी वेशात आत शिरला आणि गोळ्या झाडल्या. 29 नमाजी मेले. त्यानंतर वास्तू वाटली. आणि बाहेर काय झालं? जवळचा शुहादा रस्ता, म्हणजे गावची बाजारपेठ, पॅलेस्टिनींना बंद होत गेली. लष्करी हुकमानं दुकानांना टाळी लागली, कुठं दारं वेल्डिंगनं सांधली. मारणारा एकीकडचा, दुकानं बंद दुसरीकडची.

मामा: आणि 1929? त्याच हेब्रॉनमध्ये 67 ज्यू कापले. तेव्हा ना इस्रायल होतं, ना त्याचं लष्कर, ना त्या वस्त्या. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारे लोक होते ते.

भाची: खरंय. आणि जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना अरब शेजाऱ्यांनीच घरात लपवलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत. पुढं दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या सोयीची उचलली. म्हणून म्हणते, वास्तू वाटून भागत नाही. जेरुसलेमच्या ख्रिस्तसमाधीच्या चर्चची किल्ली शतकानुशतकं एका मुसलमान घराण्याकडं आहे आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडं. ख्रिश्चनांचे पंथ आपसात इतके भांडतात, की किल्ली कोणाकडंच नको म्हणून ही सोय. तिथं कोणी विचारत नाही, तू आमच्यातला का? विचारतात, किल्ली वेळेवर आणतोस का?

मामा: छान. मग आता माझा एक प्रश्न. तू न्यायालयात उभी राहतेस म्हणून विचारतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमद महाराजांचं काय?

भाची: मला वाटलंच होतं तुम्ही तिथं येणार.

मामा: येणारच. ‘योगसंग्राम’ लिहिणारा माणूस. विठ्ठलाची भक्ती केली, मराठीत लिहिलं, चांद बोधल्यांचा शिष्य. आणि त्याच बोधल्यांची परंपरा जनार्दनस्वामींकडून एकनाथांपर्यंत पोचते असं म्हणतात. शिवाजी महाराजांच्या आजोबांनी, मालोजीराजांनी, त्यांना मानलं. श्रीगोंद्याचं ते ग्रामदैवत. यात्रा गाव भरवतं. आणि कागदावर काय? दर्गा, आणि वक्फ. 2025 मध्ये जीर्णोद्धारावरून लोक रस्त्यावर आले ते उगाच? मढीत मुसलमानाला दुकान नाकारलं की तुला नोंदवही दिसते. श्रीगोंद्यात वारकरी संताला वक्फच्या वहीत बसवलं, ती कसली वही?

भाची: तीच वही. मी वळसे घेणार नाही. शेख महंमदांना नुसतं दर्ग्यात बसवणं चूक आहे. तसंच ते नुसतं मंदिर होतं, शेख हे नाव योगायोगानं लागलं, असं म्हणून तिथला हिरवा कपडा काढणंही चूक आहे. मालोजीराजे नगरच्या शाह शरीफांच्या दर्ग्यालाही गेले होते आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली होती. त्यांना कोणी विचारलं असतं, तुम्ही नक्की कुठले, तर त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं. आपल्या कायद्याची अडचण अशी, की त्याला एकच रकाना लागतो. धर्मादाय आयुक्तांचा तरी, नाही तर वक्फचा तरी. दोन्ही असलेल्या देवाला आपल्या कायद्यात जागा नाही. मी रोज त्याच कायद्यात काम करते.

मामा: मग तुझ्या कायद्यानं जमत नाही, ते गावानं करावं. मढीबद्दल मी बसून विचार केला. पथ्य हा खरा मुद्दा असेल तर ठराव पथ्याचा करा. यात्रेत तळणाचं दुकान नको, तर कोणाचंच नको. भजी तळणारा माझ्या भावकीतला असला तरी नको. आणि जो पथ्य पाळतो त्याचं नाव, आडनाव, जात, धर्म कोणी विचारायचं नाही. विचारायचं ते वागणं. मग बघू किती जणांना पथ्याची काळजी आहे आणि किती जणांना दुकानाच्या जागेची.

भाची: हा ठराव मी उद्या कोर्टात टिकवून दाखवते. आणि तुम्ही आत्ता जे बोललात तेच मी मघापासून बोलतेय.

मामा: नाही. इथंच तू घाई करतेस. यात्रा म्हणजे राज्य नव्हे. मढीत उद्या काही बिनसलं तर वर तहसीलदार आहे, पोलीस आहेत, हायकोर्ट आहे. म्हणून आपल्याला उदार होता येतं. तिथं वर कोणी नाही. 1947 मध्ये भारत काय म्हणत होता? संयुक्त राष्ट्रांच्या समितीत इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर बसून सांगत होता, फाळणी नको, दोघांचं मिळून संघराज्य करा. नोव्हेंबरात फाळणीविरुद्ध मतही दिलं. आणि ऑगस्टमध्ये आपल्या घरात काय झालं होतं? लाखो माणसं मेली होती. ज्याला स्वतःचं घर एक ठेवता आलं नाही, त्यानं दुसऱ्याला एकत्र नांदायचा सल्ला द्यायचा!

भाची: किंवा असं म्हणा, की ज्याचे हात पोळलेत तोच सांगत होता, आगीत हात घालू नका. फाळणीनं प्रश्न सुटतो असं सांगायची हिंमत त्या वर्षी भारतापेक्षा कोणाला कमी असेल? बरं, ते झालं. संघराज्य गेलं, दोन राज्यांचं ठरलं, आणि दुसरं अजून झालेलं नाही. तुम्ही म्हणता एका समाजाला स्वतःच्या हातातलं दार पाहिजे. मान्य. मग त्याच मापानं शेजारच्यालाही द्या.

मामा: द्यायला मी ना म्हणतच नाही. तो माझं दार मोडणार नाही याची हमी दे, आजच देतो.

भाची: आणि तो म्हणतो, आधी माझ्या अंगणातल्या वस्त्या काढ, मग हमी देतो. हे असंच चाललंय. म्हणून मी दार सोडून नोंदवहीकडं येते. इस्रायल राहू दे. पण तिथला दर पाचवा नागरिक अरब आहे. 2018 च्या राष्ट्र-राज्य कायद्यानं त्याला सांगितलं, की या देशात राष्ट्र म्हणून स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा. त्या कायद्याविरुद्ध ज्यांच्या पोरांनी याच लष्करात प्राण दिलेत ते द्रूझ लोक तेल अवीवच्या चौकात जमले होते. राज्य ठेवा, धर्माचा रकाना काढा.

मामा: रकाना काढला तर ते ज्यूंचं राज्य कशावरून?

भाची: हाच प्रश्न तिथले ज्यू एकमेकांना विचारताहेत. लष्करात न जाणारे धार्मिक आणि तीन-तीनदा बोलावलेले राखीव सैनिक, हे भांडण त्याचंच आहे. ते त्यांनाच सोडवावं लागेल. पॅलेस्टिनींना तर तो प्रश्न एकमेकांना विचारायची सोयच नाही. वीस वर्षांत तिथं संसदेसाठी मतदान झालेलं नाही. आज तिशीला आलेल्या माणसानं आपलं सरकार निवडायला कधी बोटाला शाई लावलेली नाही.

मामा: मग सगळ्यात आधी ते होऊ दे. हमास येईल, फतह येईल, आणखी कोणी वाईट येईल. येऊ दे. ज्याला मत नाही त्याच्याशी करार करून काय उपयोग? आपल्या पाण्याच्या भांडणात पैठणवाल्यावर माझा भरवसा नाही, पण त्याचा आमदार उद्या पडू शकतो हे मला ठाऊक असतं, म्हणून मी त्याच्याशी बोलतो. एवढं तुझं मला पटलं. बाकीचं पटलं असं कुठं लिहू नकोस.

भाची: नाही लिहिणार. पण मतदान कोणत्या गावांत होईल, पूर्व जेरुसलेममध्ये पेटी ठेवू देतील का, चेकनाक्यावरून माणूस केंद्रापर्यंत पोचेल का, हे सगळं इस्रायलच्या हातात आहे. 2021 ची निवडणूक याच पूर्व जेरुसलेमच्या मुद्द्यावर अब्बास यांनी पुढं ढकलली.

मामा: अब्बासना निमित्तच पाहिजे असेल.

भाची: असेलही. मग ते निमित्त इस्रायलनं काढून घ्यावं. पेटी ठेवू द्यावी. तुमच्या लाडक्या देशाकडं एवढं तरी मागाल का?

मामा: मागेन. आणि तू तुझ्या लोकांना सांगशील का, की त्या पेटीत हरलेल्यानं बंदूक खाली ठेवायची? दोघांनी हे लेखी दिलं, की मग पुढचं भांडू.